तब्येत, प्रकृती आणि बिदरचा दारुश्शिफा

‘तब्येत कशी आहे?’ आणि ‘प्रकृती कशी आहे?’ हे दोन्ही प्रश्न आपण मराठी माणसे सारख्याच सहजतेने विचारतो. जुन्या पत्रांत ‘प्रकृतीस जपावे’ असते आणि फोनवर ‘तब्येत सांभाळ रे’ असते. अर्थ एकच, पण शब्द दोन घराण्यांतले आहेत. प्रकृती संस्कृतमधली, आणि तब्येत मुळात अरबी असून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेली.

हे दोन्ही शब्द मुळात वैद्यकशास्त्राच्या परिभाषेतले आहेत. आयुर्वेदात प्रकृती म्हणजे माणसाची जन्मजात घडण. यूनानी वैद्यकात ‘तबीअत’ म्हणजे शरीराला आतून सांभाळणारी, रोगाशी झुंजणारी शक्ती. खरा इलाज तबीअत करते, हकीम फक्त तिला मदत करतो, असे ते शास्त्र मानते. म्हणजे आपण रोज जो साधा प्रश्न विचारतो, त्यात दोन वैद्यकशास्त्रे शेजारी शेजारी बसलेली असतात.

आणखी शब्द बघा. दवा, दवाखाना, इलाज, मलम, जखम, सर्दी, बिमार, जुलाब, अर्क, शरबत, मुरंबा, गुलकंद. हे सगळे फारसी-अरबीतून आले. ‘मिजास करू नकोस’ यातली मिजाससुद्धा तिकडचीच. यूनानीत ‘मिजाज’ म्हणजे शरीरातल्या उष्ण, थंड, ओलसर आणि कोरड्या गुणांचे मिश्रण. माझे बालपण भालकी तालुक्यात गेले. तिथे आजी ‘आंबा उष्ण पडतो, वर दूध पी’ म्हणायची. ती आयुर्वेद सांगत होती की यूनानी, हे कुणी तिला विचारले नाही, आणि विचारले असते तरी तिला त्यात फरक वाटला नसता.

हा फरक का वाटला नसता, हेच मला या लेखात सांगायचे आहे. तुमच्यापैकी बरेच जण आता पुण्यात, हैदराबादेत, बेंगळुरूला किंवा परदेशात आहात. ‘तुम्ही नक्की कुठले? मराठी की कानडी? की निजामाकडचे?’ असे तुम्हाला कुणी ना कुणी विचारत असणार. आपल्या बिदर-कलबुर्गीच्या मातीत औषधाचा इतिहास कसा घडला, हे कळले तर त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला थोडी मदत होईल.

गुंदेशापूर: जिथे भारत आधीच पोहोचला होता

गोष्ट इराणच्या नैर्ऋत्येकडच्या खुझिस्तान प्रांतात सुरू होते. तिथे सासानी राजा पहिला शापूर याने तिसऱ्या शतकात गुंदेशापूर हे शहर वसवले. पुढे ग्रीक विद्या जाणणारे सीरियाकडचे ख्रिस्ती पंडित रोमन साम्राज्यातून बाहेर पडून इराणच्या आश्रयाला आले. त्यांच्याबरोबर हिपॉक्रेटिस आणि गॅलन या ग्रीक वैद्यांचे ग्रंथही आले. ‘यूनानी’ म्हणजे ग्रीक. हकिमांच्या शास्त्राला आपण आजही त्याच नावाने ओळखतो.

सहाव्या शतकात राजा खुसरो अनुशिरवान (५३१ ते ५७९) याच्या काळात इराणची नजर भारताकडे वळली. त्याचा दरबारी वैद्य बुर्झोय हा भारतात आला होता. परंपरा सांगते, की तो संजीवनीसारखी वनस्पती शोधायला आला आणि परत जाताना पंचतंत्र घेऊन गेला. ‘कलीला व दिम्ना’ या नावाने जगभर गेलेले पंचतंत्र ते हेच. त्या ग्रंथात बुर्झोयचे आत्मकथन म्हणून एक प्रकरण आहे. वैद्यकी पैशासाठी करायची की पुण्यासाठी, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो आणि मोबदल्याची आस न धरता रोग्यांची सेवा करायची असे ठरवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, बिदरला पोहोचल्यावर ती पुन्हा आठवेल.

इ.स. ७६५ मध्ये बगदादचा खलिफा अल मन्सूर आजारी पडला, तेव्हा गुंदेशापूरहून जुर्जिस बुख्तिशू या वैद्याला बोलावणे गेले. तेव्हापासून वैद्यकाचे केंद्र बगदादकडे सरकू लागले. तिथे ग्रीक ग्रंथांबरोबर आपलेही ग्रंथ पोहोचले. बर्मकी घराण्यातल्या वजिराच्या सांगण्यावरून मंका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुतसंहितेचे भाषांतर केले. चरकसंहिता आधी फारसीत आणि तिथून अरबीत गेली. इ.स. ८५० च्या सुमारास तबरिस्तानच्या अली इब्न रब्बन याने ‘फिर्दौस अल हिकमा’ हा मोठा वैद्यकग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटी भारतीय वैद्यकावर वेगळा विभाग आहे आणि त्यात चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या ग्रंथांचा आधार घेतलेला आहे.

म्हणून इराणी वैद्यक पुढे दख्खनेत आले तेव्हा ते अगदी परके नव्हते. आपल्याकडून गेलेले काही त्यात आधीच मिसळलेले होते.

शंका घेणारा राझी आणि नियम घालणारा इब्न सीना

इराणी वैद्यकाची दोन नावे प्रत्येकाला माहीत असायला हवीत. पहिले अबू बक्र अल राझी, तेहरानजवळच्या रय शहराचा. त्याचा काळ साधारण ८६५ ते ९२५. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखायचे, यावर त्याने लिहिलेली छोटी पुस्तिका शेकडो वर्षे वाचली गेली. त्याच्या टिपणांचा प्रचंड संग्रह ‘अल हावी’ या नावाने प्रसिद्ध आहे आणि त्यात चरकाचेही दाखले आहेत. मला राझी आवडतो तो त्याच्या दुसऱ्या एका पुस्तकामुळे. ज्या गॅलनला सगळे जग गुरू मानत होते, त्याच्याविषयीच्या शंका त्याने त्या पुस्तकात मांडल्या. गुरूबद्दल आदर ठेवून, जे स्वतःच्या रोग्यांत दिसले नाही ते तसे लिहायची हिंमत त्याच्याकडे होती.

दुसरे नाव इब्न सीना. त्याचा जन्म ९८० मध्ये बुखाऱ्याजवळ आणि मृत्यू १०३७ मध्ये हमदान इथे झाला. ‘अल कानून’ हा त्याचा ग्रंथ पाच भागांत आहे: सामान्य तत्त्वे, सुटी औषधे, डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे आजार, सगळ्या शरीराला होणारे आजार आणि संयुक्त औषधे. बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला आणि सतराव्या शतकापर्यंत युरोपातल्या विद्यापीठांत शिकवला जात होता.

हे ग्रंथ अरबीत होते. बाराव्या शतकात जुर्जानी याने ‘झखीरा-ए-ख्वारझमशाही’ हा वैद्यककोश थेट फारसीत लिहिला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शिराझच्या मन्सूर इब्न इलियासने शरीररचनेवर सचित्र फारसी ग्रंथ केला. तेव्हा इकडे गुलबर्ग्याला बहमनी राजधानी होऊन जवळपास अर्धे शतक झाले होते. आपल्या भागात वैद्यक आले ते याच फारसीतून.

दाभोळ, चौलमार्गे दख्खनेत

१३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले आणि लवकरच गुलबर्गा त्याची राजधानी झाली. दिल्लीशी फारकत घेतल्यामुळे या राज्याला माणसे हवी होती ती समुद्रमार्गाने. कोकणातली दाभोळ आणि चौल ही बंदरे त्यासाठी सोयीची होती. इराणच्या आखातातून घोडे यायचे, त्यांच्याबरोबर व्यापारी, कवी, गवंडी आणि हकीम यायचे. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद १३६७ मध्ये बांधणारा रफी हा कझ्वीनचा. सुलतान फिरोजशाहने (१३९७ ते १४२२) दौलताबादजवळच्या घाटात वेधशाळा बांधायला घेतली, तेव्हा त्या कामावर हकीम हसन गिलानी होता. तो वारला आणि काम अर्धवट राहिले.

फिरोजशाहनंतर अहमदशाह वलीने (१४२२ ते १४३६) राजधानी बिदरला आणली. बिदरजवळच्या अष्टूरला त्याची कबर आहे. तिथल्या उरुसात लिंगायत जंगमांना मान असतो, हे आपल्याकडच्या लोकांना नव्याने सांगायला नको. पुढे १४५३ मध्ये गिलानचा महमूद गवान दाभोळला उतरला आणि बिदरचा वजीर झाला. १४७२ मध्ये पूर्ण झालेला त्याचा मदरसा आजही, अर्धा ढासळलेला का होईना, निळ्या फरशांच्या खुणा अंगावर घेऊन उभा आहे. बिदरला जाणारा प्रत्येक जण तिथे फोटो काढतो.

पण ज्या इमारतीविषयी मला सांगायचे आहे, तिचा फोटो काढता येत नाही.

बिदरचा दारुश्शिफा

अहमदशाहचा मुलगा अल्लाउद्दीन अहमदशाह दुसरा याने १४३६ ते १४५८ या काळात राज्य केले. त्याने बिदरला एक मोठे रुग्णालय बांधले. अशा रुग्णालयाला दारुश्शिफा म्हणत, म्हणजे बरे होण्याचे घर. फेरिश्ता हा इतिहासकार त्याविषयी तीन गोष्टी सांगतो. रुग्णांना औषध आणि जेवण मोफत मिळे. त्या खर्चासाठी काही गावांचे उत्पन्न तोडून दिलेले होते. आणि तिथे मुसलमान हकीम आणि हिंदू वैद्य, दोघांचीही नेमणूक होती.

तिन्ही गोष्टी नीट बघण्यासारख्या आहेत. जेवण यासाठी, की दोन्ही शास्त्रांत पथ्य हे औषधाच्या आधी येते. उपाशी रुग्णाला नुसती पुडी देऊन भागत नाही, हे तेव्हाही कळत होते.

गावांच्या उत्पन्नाचे म्हणाल, तर देवळांना आणि मठांना इनाम गावे कशी असतात हे आपल्याला माहीत आहे. ही त्याच तऱ्हेची व्यवस्था होती. सुलतानाची मर्जी बदलली, खजिना रिकामा झाला, तरी दवाखान्याचे उत्पन्न वेगळे राहावे हा त्यामागचा हेतू. इराणी जगात ही जुनी रीत होती. फारसीत रुग्णालयाला ‘बीमारिस्तान’ म्हणतात, आपल्या ‘बिमार’ शब्दातलाच तो बीमार. दहाव्या शतकात इराणी बुवेही राजा अदुदुद्दौला याने बगदादला बांधलेला बीमारिस्तान फार प्रसिद्ध होता. पैशाची आस न धरता सेवा करायची हे बुर्झोयने एकट्यापुरते ठरवले होते. या रुग्णालयांनी त्याच विचाराला जमिनीचे उत्पन्न जोडून दिले.

मराठी घरात बिदरच्या बादशहाचे नाव पहिल्यांदा ऐकू येते ते बहुधा दामाजीपंतांच्या कथेत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे उघडली आणि विठोबाने महाराच्या रूपाने बिदरला जाऊन धान्याचे मोल भरले, ती कथा. परंपरेने तीही त्याच शतकातली मानतात. तीत बादशहा वसुलीसाठी बोलावणारा आहे. फेरिश्ताने सांगितलेला हा बिदरचा राजा गावांची वसुली दवाखान्याला देणारा आहे. दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या आहेत आणि मुलांना दोन्ही सांगायला हव्यात.

राजा संत होता असे मात्र समजू नका. त्याच्या कारकिर्दीत परदेशातून आलेले ‘आफाकी’ आणि इथले ‘दख्खनी’ सरदार यांच्यातले वैर विकोपाला गेले आणि रक्तपात झाला. शेवटच्या वर्षांत पायाच्या दुखण्याने तो दरबारात दिसेनासा झाला, तर तो मेल्याची आवई उठून बंड झाले. रुग्णालय बांधणाऱ्याला स्वतःचा पाय बरा करून घेता आला नाही. वैद्यकाच्या मर्यादाही याच गोष्टीत दिसतात.

हकीम आणि वैद्य एका छताखाली

एका छताखाली बसलेले हकीम आणि वैद्य एकमेकांशी काय बोलत असतील? हकीम चार द्रव मानतो: दम म्हणजे रक्त, बलगम म्हणजे कफ, सफरा म्हणजे पिवळे पित्त आणि सौदा म्हणजे काळे पित्त. वैद्य वात, पित्त आणि कफ हे तीन दोष मानतो. हकिमाच्या यादीत वात नाही आणि वैद्याच्या त्रिदोषांत रक्त नाही. पण बिघडलेला तोल सावरणे म्हणजे उपचार, उष्ण आजाराला थंड औषध, आधी आहार आणि मग औषध, या बाबतीत दोघांचे सहज जुळावे. आजीला फरक वाटत नव्हता त्याचे मूळ इथे आहे.

औषधांची देवाणघेवाण तर अजून आपल्या डब्यांत आहे. आपला त्रिफळा यूनानीत ‘इत्रिफल’ झाला. हिरडा, बेहडा, आवळा यांची अरबी नावे हलीलज, बलीलज, आमलज अशी आहेत. कान देऊन ऐका, म्हणजे मूळ ओळखू येते. उलट दिशेने इसबगोल आले. फारसीत त्याचा अर्थ घोड्याचा कान, बीच्या आकारावरून पडलेले नाव. अक्कलकारा अरबी नावासकट आला आणि शार्ङ्गधरसंहितेत ‘आकारकरभ’ म्हणून संस्कृतही झाला. खुरासणी ओव्याच्या नावात तर इराणचा खुरासान प्रांतच आहे. गुलकंदाचे पाहा. ‘गुल’ फारसी, पण ‘कंद’ म्हणजे साखर, आणि तो शब्द संस्कृत ‘खंड’वरून इराणात गेलेला. आपलाच शब्द गुलाब घेऊन परत आला.

ग्रंथांतही हेच घडले. १५१२ मध्ये दिल्लीच्या सिकंदर लोदीच्या दरबारातल्या मियाँ भुवा याने संस्कृत वैद्यकग्रंथांच्या आधारे फारसीत मोठा ग्रंथ सिद्ध केला. ग्रीक वैद्यक इथल्या हवेला आणि माणसांच्या प्रकृतीला पुरे पडत नाही, असे कारण त्याने दिले. आणि ज्याच्यामुळे आपल्याला बिदरचे रुग्णालय कळले तो फेरिश्ता? तो कास्पियन समुद्रकाठच्या अस्तराबादचा. लहानपणी वडिलांबरोबर अहमदनगरला आला आणि १५८९ मध्ये विजापूरच्या दरबारी गेला. त्याने भारतीय वैद्यकावर फारसीत ‘दस्तूर अल अतिब्बा’ हा ग्रंथ लिहिला. म्हणजे हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीम एकत्र नेमल्याची नोंद करणारा माणूस स्वतः ही दोन्ही शास्त्रे जाणत होता. ही नोंद त्याला महत्त्वाची वाटली यात नवल नाही.

पाणीही औषधच

हवा आणि पाणी कसे आहे यावर गावाचे आरोग्य ठरते, हे हिपॉक्रेटिसपासून इब्न सीनापर्यंत सगळे सांगत आले. बिदरला त्याचा पुरावा जमिनीखाली आहे. नौबादजवळची ‘सुरंग बावी’ म्हणजे इराणी पद्धतीचे करेझ. उंचावरचे भूजल अगदी थोड्या उताराच्या बोगद्यातून वाहत येते आणि ठिकठिकाणी हवेसाठी, साफसफाईसाठी उभ्या विहिरी सोडलेल्या असतात. हा बोगदा दोन किलोमीटरपेक्षा लांब आहे. जांभ्या दगडाच्या या पठारावर विहीर खोदणे अवघड, म्हणून इराणात हजारो वर्षे वापरलेली युक्ती इथे आणली. पाणी झाकलेले राहते, उन्हाने आटत नाही आणि वाटेत घाणही होत नाही. गेल्या काही वर्षांत तिथे गाळ काढण्याचे काम झाले आहे. बिदरला गेलात तर मदरशाबरोबर हेही बघा.

दारुश्शिफा गेला, परंपरा राहिली

बिदरचे रुग्णालय आज दिसत नाही, पण कल्पना टिकली. बहमनी राज्य फुटल्यावर गोवळकोंड्याच्या महंमद कुली कुतुबशाहने १५९५ मध्ये हैदराबादला दारुश्शिफा बांधला आणि त्या मोहल्ल्याचे नाव आजही तेच आहे. पुढे बिदर, गुलबर्गा, लातूर, उस्मानाबाद हे सगळे निजामाच्या राज्यात होते. तिथे डॉक्टरी दवाखान्यांबरोबर सरकारी यूनानी दवाखानेही चालत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या. बिदर आणि गुलबर्गा एका राज्यात, लातूर आणि उस्मानाबाद दुसऱ्या राज्यात गेले. घरातल्या औषधांच्या डब्याला मात्र सीमा कळली नाही. हैदराबादच्या एका हकिमाने १९२० मध्ये सुरू केलेल्या ‘जिंदा तिलिस्मात’ची बाटली सीमेच्या दोन्ही बाजूंच्या फडताळात दिसते. शेजारी हिंग्वाष्टक चूर्ण असते आणि आता पॅरासिटामॉलही असते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे वाचून कुणी जुन्या नुस्ख्यांवर स्वतःचे किंवा मुलांचे औषधपाणी करू नये. देवी, पटकी, क्षय यांची खरी कारणे द्रवांच्या बिघाडात नव्हती, ती जंतूंत होती, हे नंतर कळले. भस्मे आणि कुश्ते यांत पारा, शिसे असू शकते. आजारी पडलात तर शिकलेल्या डॉक्टरकडे जा. गॅलनवर शंका घेणाऱ्या राझीला हे पटले असते.

मग हा इतिहास कशासाठी? आपल्या घरांत अजून काही वह्या आहेत. पणजोबांनी मोडीत लिहिलेले काढे, उर्दूत लिहिलेल्या नुस्ख्यांचे कागद, एखाद्या पोथीच्या मागच्या पानावर ‘खोकल्यावर’ म्हणून केलेली नोंद. त्या वाचू शकणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. दिवाळीला किंवा जत्रेला गावी गेलात की त्या वह्यांचे मोबाईलवर फोटो काढा. आजीला, मामांना किंवा गल्लीतल्या जुन्या हकीमसाहेबांना समोर बसवून एकेका शब्दाचा अर्थ विचारा आणि त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. उपचारासाठी नव्हे, ओळखीसाठी.

आणि कुणी विचारलेच, ‘तुम्ही नक्की कुठले?’, तर सांगा, की जिथे सहाशे वर्षांपूर्वी वैद्य आणि हकीम एकाच दवाखान्यात बसत होते आणि दोघांची औषधे एकाच डब्यात ठेवायची सवय लागली, तिथले.